डावा कान

"यात कमी काय आहे, चाचा? एवढंच सांगा."

सत्यजितने तिसऱ्यांदा विचारलं. काउंटरवर त्याने फोटो ठेवला होता आणि फोटोशेजारी पदक. पदक जरा पुढेच सरकवलं होतं. पुण्याच्या प्रदर्शनात ते मिळाल्यापासून गड्याची मान सरळ राहिली नव्हती, कायम वरच.

बाबालाल मणेर चष्मा पुसत होते. नदीकाठच्या त्या गावात चाळीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाचे, बारशाचे फोटो ते काढत, तसेच पोलिसांसाठी बेवारस मढ्यांचेही. प्रत्येक मढ्याचे पाच फोटो. समोरून, डावीकडून, उजवीकडून, हातांचा, कपड्यांचा. चौकीची पायरी चढायला लोक भितात, म्हणून त्या फोटोंची एक प्रत दुकानातच एका जाड अल्बममध्ये लावलेली असे. ज्याचं कोणी हरवलंय, त्याने यावं आणि पानं उलटावीत.

त्यांच्या हाताखाली शिकणारा सत्यजित त्या अल्बमला 'चाचांची शाळा' म्हणायचा. वर्गाच्या फोटोसारखे सगळे एका रांगेत, सगळ्यांवर सारखाच सपाट उजेड.

त्याचा स्वतःचा फोटो मात्र तसा नव्हता. श्रावणात चाचा तापाने पडले होते, तेव्हा घाटावर लागलेल्या प्रेताचा फोटो काढायला त्यांनी सत्यजितला पाठवलं होतं. तोच हा फोटो.

चाचांनी तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"पायऱ्या चांगल्या धरल्यास," ते म्हणाले. "वरून उतरत येतात आणि त्याच्या हातापाशी थांबतात. नजर दुसरीकडे जातच नाही."

सत्यजितचा चेहरा खुलला.

"दगड ओला आहे हे सांगावं लागत नाही. सदऱ्याची वीण दिसते. उजेड त्याच्या उजव्या अंगाने, आडवा येतोय… सूर्य नुकताच वर आला असणार."

"पाऊण तास थांबलो त्यासाठी. हवालदार ओरडत होता, पण मी हललो नाही."

"चाळीस वर्षांत मला असा फोटो जमला नाही."

हे चाचा मनापासून म्हणाले. सत्यजितलाही ते कळलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं तो या एका वाक्यासाठी थांबला होता.

"पाच काढ म्हणालो होतो," चाचा म्हणाले.

"एकातच सगळं आलं, चाचा. मी एकच काढतो."

"निगेटिव्ह आणलीस?"

सत्यजितने पाकिटातून ती काढून दिली. प्रदर्शनासाठी तो ती घेऊन गेला होता. पोलिसांच्या कागदांना जोडलेली एक प्रत सोडली, तर चार महिने या फोटोची दुसरी प्रत गावात नव्हती. चाचांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरली. माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू तिथे काचेसारखी स्वच्छ होती. तिच्यातून समोरच्या सायकलवाल्याचं दुकान दिसत होतं.

"इथं काही नाही."

"तिथं अंधार होता."

"होता… की तू केलास?"

"केला," सत्यजित म्हणाला. जरा तोऱ्यातच म्हणाला. "मान वळवून घेतली थोडी. ती बाजू काळी झाली म्हणून तर फोटो उभा राहिला."

"मान कशी वळवलीस?"

"डाव्या गालाखाली हात घालून."

"हाताला काय लागलं?"

सत्यजितने आठवून पाहिलं. "गार लागलं," तो म्हणाला.

अल्बमच्या शेवटच्या पानावर चाचांनी तो फोटो चिकटवला आणि वर मढं सापडल्याची तारीख लिहिली. आपला बक्षिसाचा फोटो त्या रांगेत गेलेला सत्यजितला आवडला नाही.

तेवढ्यात यल्लूबाई आली. दर बुधवारी बाजार करून ती दुकानात यायची. तिचा नवरा श्रावणात नदीत वाळू काढायला गेला, तो परत आला नव्हता. पिशवी दाराशी ठेवून, पायातल्या चपला काढून ती आत आली.

"नवीन काय हाय का, चाचा?"

चाचांनी अल्बम तिच्यासमोर उघडला.

ती चेहरे बघत नव्हती. पाण्यातल्या माणसाचा चेहरा राहत नाही, हे तिला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी कुत्र्याने तोडली होती. ती बोटाने एकेक कान तपासत, पान उलटत जायची.

शेवटच्या पानाशी बोट थांबलं.

"ह्येचा कान कुटं हाय?"

तिने अल्बम उचलून खिडकीकडे धरला, वाकडा केला, पुन्हा सरळ केला. काळ्या भागावर पदराचं टोक घासून पाहिलं.

"सदरा तसलाच हाय…" ती म्हणाली. "पर तसला सदरा निम्म्या गावाकडं हाय."

मग तिने तारीख वाचून घेतली. चाचांनी ती दोनदा वाचून दाखवली.

"कुनी काडलाय ह्यो?"

चाचांनी सत्यजितकडे पाहिलं. तो जागचा उठला.

"मी काढला, मावशी."

"मंग तुमी बगितलं आसंल की. पाळी हुती का?"

सत्यजितने उजव्या तळहाताकडे पाहिलं. हाच हात त्या गालाखाली होता. बोटं नक्कीच कानापर्यंत गेली असणार. त्याने डोळे मिटले, उघडले.

"मला… आठवत नाही."

"कागुदावर काय लिवलंय?"

"चौकीत मी विचारलंय," चाचा म्हणाले. "चेहरा ओळखू येत नाही, बाकी खुणा फोटोत पाहाव्यात, असं लिहिलंय."

"आनि मानूस?"

"नगरपालिकेनं जाळला. आठ दिवस ठेवला होता."

यल्लूबाईने हळूच अल्बम मिटला. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. आरडाओरडा, रडणं काही नाही. तिने फक्त सत्यजितला विचारलं, अगदी भाजीचा भाव विचारावा तसं.

"मंग मी ह्ये ठिवू, का पुसू?"

सत्यजितने काउंटरचा काठ घट्ट धरला होता. पदक त्याच्या कोपराने केव्हा खाली पडलं, तेही त्याला कळलं नाही.

तिने वाट पाहिली. मग तिलाच त्याची कणव आली.

"ऱ्हाऊ द्या. घाई न्हाई. फुडच्या बाजारी येती मी… तवर आटवून बगा."

चपला घालून, पिशवी उचलून ती गेली.

सत्यजित बाकावर डोळे मिटून बसला होता. घाट त्याला दिसत होता. पायऱ्या दिसत होत्या, तिरपा पिवळा उजेड दिसत होता, सदऱ्याचे ओले धागे दिसत होते. पुन्हा पुन्हा तेवढंच.

"चाचा," तो शेवटी म्हणाला. "मला फक्त उजेड आठवतोय."

चाचांनी अल्बम कपाटात ठेवला.

"मग पुढच्या बाजारी तिला तेवढं सांग."