मॅनिफोल्डवरची पावडर

बाजार समितीच्या गाळ्यात यासीनभाई मिस्त्रींचं गॅरेज होतं. एके सकाळी समितीचे सभापती केशरराव जीप घेऊन आले ते ओरडतच. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग यासीनभाईंनी आठवड्यापूर्वीच बदललं होतं आणि आज नेमकं तिथेच तेल साचलं होतं.

"यासीन, पॅकिंग चुकीचं बसवलंस! ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं जागा सोडायची. आजच गाळा खाली कर."

"करतो, साहेब. पण मधे इंजिनाला कुणी हात लावला होता का?"

"छे! काल तेलसुद्धा मी स्वतः ओतलं. ड्रायव्हरवर आपला भरवसा नाही."

यासीनभाईंनी इंजिन पुसून कोरडं केलं. मग शेजारच्या सलूनमधून पावडरचा डबा आणून ती सगळीकडे भुरभुरली.

"इंजिनाची दाढी करतोस का रे?" केशररावांनी विचारलं, तसे जमलेले हमाल हसले.

इंजिन सुरू केल्यावर थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटली. तेल ओतायच्या झाकणापासून निघून ती खाली मॅनिफोल्डवर उतरत होती. झाकण तिरकं बसलं होतं. आता कुणीच हसेना.

यासीनभाईंनी झाकण नीट बसवलं आणि ते शांतपणे म्हणाले, "साहेब, जागा सोडायचा नियम तुमचाच. पण एवढ्याशा चुकीसाठी सभापतींनी खुर्ची सोडावी, असं मी तरी म्हणणार नाही."

केशररावांनी गाळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही.