सायाळीची नवी तंबाखू

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे मला आत्याने बजावलेले आहे. पण बजावताना फक्त घरातल्या माणसांची नावे घेतली होती. म्हणून या गोष्टीत माणूस एकही नाही. जे आहे ते सगळे रानातले आहे, आणि रानातले सांगू नकोस असे मला कुणी म्हटलेले नाही.

डोंगराच्या कुशीतल्या एका रानात एक सायाळ राहत असे. तिने आपल्या बिळापुढे तंबाखू लावली होती. खाण्यासाठी नव्हे, ते खूळ माणसांचे. रानात तंबाखूची पाने बिळात अंथरत, म्हणजे पिसवा पळत आणि पिल्ले निवांत झोपत. सायाळीकडे तंबाखूच्या दोन जाती होत्या. एक उंच, गुलाबी फुलांची. तिचे पान चांगले रुंद, पण वास इतका मवाळ की पिसवांनी त्यावर खुशाल उड्या माराव्यात. दुसरी ठेंगणी, पिवळ्या फुलांची. तिच्या वासाने नाक झणझणे, पण पान अगदी लहान. पाने पोसावीत म्हणून सायाळ झाडांचे शेंडे खुडत असे, त्यांना फुलू देत नसे. मात्र दोन्ही जातींचे एकेक झाड न खुडता राखायचे, त्याला बोंडे धरू द्यायची आणि ते बी पुढच्या साली पेरायचे, ही तिच्या आईने घालून दिलेली रीत होती.

एका साली पिसवा फार झाल्या. शेजारची सशीण रडवेली होऊन आली.

"मावशी, माझं धाकटं रात्रभर अंग खाजवतं हो. धड दूधही पीत नाही. तुमची ती रुंद पानं नुसती शोभेची, आणि पिवळीची पानं किती आणली तरी पुरत नाहीत."

सायाळ विचारात पडली. "पिवळीचा वास आणि गुलाबीचा रुंदपणा, असं एकच पान झालं तर?"

"तर तुमच्या तोंडात साखर!"

सायाळ लगेच कामाला लागली. गुलाबीची कळी उमलण्याआधीच तिने काट्याच्या टोकाने ती उकलली आणि आतले पुंकेसर अलगद काढून टाकले. मग पिवळ्या फुलातले पराग काट्यावर घेऊन तिने ते कळीच्या मधोमध टेकवले, आणि वर पळसाच्या पानाची टोपी बांधली. टोपी पाहून शिंजीर पक्षी भडकला. तो रोज त्या फुलांतला मध प्यायला येई.

"अहो सायाळबाई, माझ्या ताटावर झाकण कशाला?"

"तू या फुलाचं त्या फुलाला लावतोस म्हणून."

"आणि तुम्ही काय करताय?"

 सायाळीने टोपीची गाठ तेवढी घट्ट केली.

पण टोप्या सोडून पाहते तो काय, गुलाबी फुले सगळी गळून पडलेली! सायाळ बुचकळ्यात पडली. मग तिने उलटे करून पाहिले. पिवळीची कळी उकलली आणि तिला गुलाबीचे पराग लावले. या वेळी मात्र बोंडे धरली. तेच काम, तेच हात. एकीकडून जमले नाही आणि दुसरीकडून जमले. का, ते तिला कळले नाही. पण जमले म्हटल्यावर तिने कारण शोधण्याचा नाद सोडला.

पुढच्या साली त्या बियांतून एक रोप तरले, आणि वाढले ते असे की दोन्ही जातींच्या वर डोके काढले. पान रुंद, आणि वास असा की सायाळीला शिंका आवरेनात. सशिणीने ते पान बिळात अंथरले. धाकटे पिल्लू जे झोपले ते दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावरच उठले, आणि उठल्याबरोबर दुधाला झटले. सशीण आनंदाने बागेत नाचली.

सायाळीला आभाळ ठेंगणे झाले. तिने जुन्या सगळ्या झाडांचे शेंडे खुडले, बियाण्यासाठी राखलेल्या दोन झाडांचेसुद्धा.

"मावशी, अहो बियाण्याचं झाड खुडलंत?" सशीण घाबरली.

"अगं, जुन्याचं बी ठेवून करायचं काय? आता हे एकटं दोघांचं काम करील. रानभर हेच लावू!"

नवे झाड भरभरून फुलले. फुले धड गुलाबी नाहीत, धड पिवळीही नाहीत. सायाळ रोज जाऊन बोंडे पाही. काही गळाली. राहिली ती तिने फोडली, तर आत नुसता भुसा. बी एकही नाही.

आता मात्र तिचा पुरता गोंधळ उडाला. पानांना कीड नाही, मुळांना वाळवी नाही, फुलांना तोटा नाही. मग बी गेले कुठे?

"दृष्ट लागली असणार," सशीण म्हणाली. "मी तरी त्या दिवशी एवढं नाचायला नको होतं."

"माझी चोच लागली नाही, दुसरं काय!" शिंजीर म्हणाला.

सायाळीने या फुलांवरही बांधलेल्या टोप्या काढून टाकल्या. शिंजीर फुलाफुलात शिरून आला आणि तोंड वाकडे करून म्हणाला, "मध आहे. पराग मात्र धड नाहीत."

तिने पाणी वाढवून पाहिले, मग पाणी तोडून पाहिले. सशिणीच्या लेंड्यांचे खत घातले. आधी केले ते चुकले, की नंतर केले ते चुकले, हेही तिला सांगता येईना. आणि पावसाळा जवळ येत होता. बी नाही तर पुढच्या साली पान नाही. सशिणीच्या पोटात तर नवी पिल्ले होती.

एके दिवशी वाट चुकलेले एक खेचर बागेशी आले आणि त्या झाडाजवळ थबकले.

"झाड झकास आहे. कुठलं?"

"इथलंच. आई पिवळी, बाप गुलाबी," सायाळ म्हणाली. "पण बी धरत नाही. रोग कळत नाही बघा."

खेचराने कान हलवले. "रोग कसला? ते माझ्या बिरादरीतलं आहे. माझी आई घोडी, बाप गाढव. दोघांना पेलायचं नाही एवढं ओझं मी घाटातून नेतो. लोक पाठ थोपटतात. पण तुझं शिंगरू कुठंय, असं मला कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं."

 सायाळ हळूच म्हणाली, "म्हणजे झाड केलं, हीच माझी चूक?"

"असं कसं? झाड चांगलंच आहे. त्याच्यामागून काय, ते त्याला नका विचारू. त्याच्या आईबापांना विचारा."

सायाळ धावतच जुन्या झाडांकडे गेली. गुलाबीचे दांडे काळे पडून वाळले होते. पिवळीही वाळल्यासारखीच होती, पण एका दांड्याला बुडाशी फुटवा आला होता, आणि त्याला इवलीशी कळी होती. सायाळीने त्याला ओंजळीने पाणी घातले. तिने टोपी बांधली नाही, की काटाही लावला नाही. ती नुसती राखण करत बसली. पाऊस पडायच्या आत थोडी बोंडे पिकली.

पुढच्या साली बागेत फक्त ठेंगणी, पिवळ्या फुलांची झाडे होती. सशीण नव्या पिल्लांसाठी लहान लहान पाने पत्रावळीसारखी टाचत बसली होती.

"मावशी, ते मोठं पान पुन्हा नाही का हो करता येणार?"

"पिवळी आहे गं," सायाळ म्हणाली, "पण गुलाबी कुठून आणू?"

 सशिणीने पुढचे पान घेतले.

तात्पर्य : नवे जरूर करून पाहावे, पण नव्याचे बी हाती येईपर्यंत जुन्याचा शेंडा खुडू नये. तरी माझा एक गोंधळ उरतोच, की सायाळीने ते झाड केलेच नसते, तर त्या साली धाकटे पिल्लू... हो आत्या, ऐकू आलं, कात्री घेऊन गच्चीवरच येते, पण तू कुंडीतल्या त्या पिवळीला हात लावू नकोस, आधी तिचं बी हाती येऊ दे!