चार पायांची भरती

एका दूरच्या समुद्रात एक वृद्ध कासवीण राहत असे. प्रवासी बसलेला तराफा वेलीच्या दोराने ओढत ती त्यांना एकाकी बेटे दाखवी आणि तेथील प्राणी असे का झाले, ते समजावून सांगे. मुलांनो, पुढे जे घडले त्यातील तिचा वाटा आधीच सांगितलेला बरा : कोल्ह्याला तराफ्यावर तिनेच घेतले. "आजी, आज माझा कडक उपवास आहे," असे तो डोळे मिटून म्हणाला आणि तिने त्यावर विश्वास ठेवला. तो उपवास सुटतो केव्हा, हे विचारायचे मात्र राहून गेले. दुसरी प्रवासी होती खार. ती तराफ्याकडे न वळता थेट कासविणीच्या पाठीवर जाऊन बसली. "उपवास त्याचा असेल, पण जीव माझा आहे," ती म्हणाली.

पहिल्या बेटावर टणक बिया फोडणारे जाड चोचींचे पक्षी होते. दुसऱ्यावर भेगांतले किडे टिपणारे बारीक चोचींचे. "कूळ एकच," कासवीण म्हणाली. "ज्याची चोच तिथल्या अन्नाला जुळली, तो तगला." दिवस कलताना तराफा तिसऱ्या बेटाला लागला. वाळूवर पिल्लांसह शेकडो पक्षी निवांत बसले होते. पंख आखूड, पाय दणकट. "यांचे पूर्वज उडत आले होते," कासवीण सांगू लागली. "येथील वाऱ्यात उडणारे समुद्रात फेकले गेले, नखे रोवून कड्यावर चढणारे वाचले. शत्रू कधी आलाच नाही. त्यामुळे 'पळा' हा शब्दसुद्धा यांच्या भाषेत उरलेला नाही."

कोल्ह्याने कान टवकारले. सूर्य पाण्यात बुडताच त्याने वाळूवर उडी घेतली. "आजी, माझा उपवास सुटला बरं का!"

कासवीण त्याला कशी गाठणार? जमिनीवर तिची चाल ती काय! "पळा!" ती ओरडली. पक्ष्यांनी माना वळवल्या. "कासवआजी, पळा म्हणजे काय हो?" एका पिल्लाने विचारले. "पळा! जीव वाचवा!" कोल्हा पोट वाळूला टेकवून पुढे सरकत होता आणि काही पिल्ले तर कुतूहलाने त्याच्याच दिशेने निघाली होती. "आजी, ओरडून काय उपयोग?" खार कळवळून म्हणाली. "त्यांना कळेल असं काहीतरी बोला ना!" कासविणीने क्षणभर डोळे मिटले आणि सारा श्वास एकवटून हाक दिली, "भरती आली! भरती!"

समुद्राची बातमी कासविणीने द्यावी आणि पक्ष्यांनी ती ऐकू नये, असे कधी झाले नव्हते. पिल्लांना पाठीवर घेऊन सारा थवा कड्यावर चढला. कोल्ह्याने झेप घेतली. दातांत आले एक पीस. गुळगुळीत दगडावरून तो घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला.

"आजी, पाणी तर कुठे दिसत नाही!" वरून सर्वांत वृद्ध पक्षी म्हणाला.

"ही भरती चार पायांची आहे, बाबा."

कासविणीने तराफा खोल पाण्यात ओढला. "परत यायचे असेल तर पोहत ये," तिने कोल्ह्याला बजावले, "आणि उपवास घरी पोहोचेपर्यंत चालू ठेव." रिकाम्या वाळूवर राहून करणार काय? कोल्हा निमूटपणे पोहत आला. "पारण्याला पीस गोड लागलं का हो?" खारीने पाठीवरूनच विचारले.

तेव्हाच ठरले, की यापुढे सुळे असलेल्या प्रवाशाने बेट तराफ्यावरूनच पाहावे आणि 'चार पायांची भरती' अशी हाक ऐकताच पक्ष्यांनी कडा गाठावा. वृद्ध पक्ष्याने होकार दिला, खारीने दिला. धापा टाकत कोल्ह्यानेही मान हलवली.

तात्पर्य : संकटाची सूचना आपल्याला येणाऱ्या शब्दांत नव्हे, तर ऐकणाऱ्याला कळणाऱ्या शब्दांत द्यावी.