खिडकीचं घरटं

होली या कबुतरासारख्या लहान पाखराचं पिलू मेलं ते बगळ्यामुळे. त्या राज्यात हे कुणी तोंडाने म्हणत नसे, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या राज्यातल्या पाखरांनी स्वतःची घरटी बांधणं सोडून दिलं होतं. कुणाचं घरी बांधलेलं, काड्यांचं, वेडंवाकडं घरटं दिसलं की शेजारीण विचारायची, "का गं, पिलाची हौस नाही वाटतं?" सगळ्यांची घरटी सुगरण विणायची आणि कावळा ती झाडोझाडी पोचवायचा. त्याआधी तळ्याकाठचा म्हातारा बगळा ती तपासायचा. त्याला सगळे आजोबा म्हणत. तो एका पायावर उभा राहून डोळे मिटून घ्यायचा, आणि त्यालाच सगळे विद्वत्ता समजत.

तपासणीची रीत ठरलेली होती. नदीतला एक गुळगुळीत गोटा, पिलाच्या वजनाचा. तो घरट्यात ठेवायचा आणि फांदी सात वेळा हलवायची. गोटा पडला नाही की बगळा अंगावरचं एक पांढरं पीस उपटून घरट्याच्या तोंडाशी खोचायचा. पीस आहे म्हणजे आईने खुशाल चाऱ्याला जावं, पिलाला काही होत नाही. ही रीत बगळ्याच्या पणजोबांनी घालून दिली होती. तेव्हापासून एकही गोटा पडला नव्हता, याचा त्या घराण्याला मोठा अभिमान होता.

त्या साली सुगरणीने घरट्याला खालच्या अंगाला खिडकी काढली. पिलाला वारा लागतो, जग दिसतं, असं कावळा सांगत फिरला. खिडकीमुळे गवत कमी लागतं, हे त्याने सांगितलं नाही. बगळ्याने खिडकीच्या घरट्यातही गोटाच ठेवला, आणि तो काही पडला नाही. गोट्याला पाय नसतात. त्याला बाहेरचं बघावंसंही वाटत नाही.

पहिलं पिलू गेलं ते मुनियाचं, ओढ्यापलीकडे. ती रडत बगळ्याकडे आली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, एका पिलावरून राज्याची रीत बदलत नसते. चार जणींत बोलू नकोस, उगाच घाबरतील." तिला सुगरणीकडून नवं घरटं मिळालं. त्यालाही खिडकी होती.

होलीच्या कानावर यातलं काहीच आलं नव्हतं. तिची दोन वर्षांची अंडी तिच्याच काड्यांच्या घरट्यातून वाऱ्याने खाली पडली होती. यंदा सगळ्यांनी बजावलं, पीस बघून घे. तिने पीस बघून घेतलं. पिलू झालं, वाढलं, खिडकीतून पाय बाहेर काढून हवेत हलवायला लागलं. होलीला त्याचं कौतुक वाटायचं. एका सकाळी ती दाणे घेऊन परतली, तेव्हा पिलाचे पाय बाहेर होते, सगळं अंग बाहेर होतं आणि डोकं तेवढं आत अडकलेलं होतं. पीस जागच्या जागी होतं.

बाभळीखाली सभा भरली.

"मी विणते," सुगरण म्हणाली. "बरंवाईट बघणारे आजोबा आहेत."

"मी पीस बघतो नि उचलतो," कावळा म्हणाला. "माझ्या चोचीचा काय दोष?"

"मी गोटा बघतो," बगळा म्हणाला. "पडला का गोटा?"

मग सगळे होलीकडे वळले.

"तू कुठे होतीस गं?" म्हाताऱ्या टिटवीने विचारलं.

"दाणे आणायला."

"आमच्या वेळी आम्ही पिलाला पंखाखालून हलू देत नव्हतो." टिटवीने जन्मभर उघड्या खडकावर अंडी घातली होती. त्यातली किती जगली, हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

होली म्हणाली, "माझं जायचं ते गेलं. पण या बाभळीवर खिडकीची अकरा घरटी अजून लटकताहेत. त्यातल्या पिलांचे पाय आता लांब व्हायला लागलेत. ती घरटी आज उतरवा."

"माझंही असंच गेलं," मागून मुनिया हळूच म्हणाली.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" टिटवी तिच्यावर खेकसली.

मुनियाने बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने डोळे मिटले.

"आजोबा," होली म्हणाली, "तुमची नातवंडं कुठल्या घरट्यात आहेत?"

"आमच्याकडे जुनी पद्धत. काड्यांचं."

"खिडकी?"

"आमच्यात वारं सोसत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. टिटवीने वळून पाहिलं तसं ते थांबलं.

शेवटी थोरांनी ठरवलं की तक्रार आलीच आहे, तर फेरतपासणी व्हावी. तेच घरटं आणलं. पिलाला सोडवताना होलीकडून खिडकीची एक काडी तुटली होती, ती सुगरणीने आधी नीट करून घेतली. बगळ्याने गोटा आत ठेवला. कावळ्याने फांदी हलवली, आणि सगळे मोठ्याने मोजू लागले.

"त्या गोट्याला जरा भूक लागू द्या," होली म्हणाली. "मग मोजा."

मोजणं थांबलं नाही. सात झाले. गोटा पडला नाही. सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. बगळ्याने मान वळवून छातीवरचं एक पीस उपटलं आणि जुन्या पिसाशेजारी खोचलं. सगळे ते बघायला पुढे सरकले.

त्यांच्या डोक्यावरच्या फांदीला आणखी एक घरटं लटकत होतं. त्याच्या खिडकीतून दोन बारीक, गुलाबी पाय बाहेर आले आणि टेकायला काही मिळतंय का ते हवेत चाचपू लागले. ते फक्त होलीला दिसले. ती उडाली.

या सगळ्यात बगळ्याचं एक पीस गेलं. नाहीतरी ते दिवस पिसं गळायचेच होते.