चाटणखडकाचे पाणी

त्या राज्याच्या तीन बाजूंना डोंगर होते आणि चौथ्या बाजूला वाळवंट. वाळवंटापलीकडे काय आहे हे दरबारात कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून शोधायला एक तुकडी निघाली. पुढे तुकडीचा नायक, घोडा रणधीर. त्याच्या पाठीवर नकाशा काढणारा चिटणीस पोपट. मागे पाण्याची पखाल वाहणारी सगुणी गाढवीण. तिला तुकडीत कोणी धरतच नसे.

रोज मुक्कामावर नामकरण होई. टेकडी दिसली की रणधीरगिरी, झरा लागला की रणधीरतीर्थ. उरलेसुरले पोपटाच्या नावावर. सोहळा चांगलाच लांबे. तोवर सगुणी पखाल भरून घेई आणि तिथल्या रहिवाशांशी सुखदुःखाच्या चार गोष्टी करी. घोरपडींशी बोलणे नायकाला कमीपणाचे वाटे.

पलीकडचा समुद्र पाहून ते परत फिरले आणि तीन दिवस वादळ झाले. वाळूच्या टेकड्या जागच्या हलल्या, पखाल कोरडी पडली. रणधीरने नकाशा उलगडला. पण पोपटाने नावे एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिली होती, की वाटा काढायला जागाच उरली नव्हती.

एक म्हातारी घोरपड भेटली. "रणधीरतीर्थ कुठे आहे?" घोड्याने विचारले.

"असलं काही इथं नाही बाबा."

रणधीर पुन्हा नकाशावर नाक घासू लागला. सगुणीला त्याची कीव आली, आणि स्वतःच्या जिवाची भीतीही वाटली. ती पुढे झाली. "आजी, चाटणखडक कुठल्या अंगाला? हरणं ओला दगड चाटतात तो?"

"अगं, मग तसं विचारा की! चला, दाखवते."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. घोड्याला तर नुसते सगुणीच्या मागे चालायचे होते. तो चालू लागला. दिवस कलायच्या आत पाणी लागले. पहिला घोट पोटात गेला तेव्हा सगुणीला रडूच फुटले. वाचलो, एवढेच तिच्या मनात होते. पोपट गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता.

दरबारात नकाशा भिंतीवर लागला. रणधीरला जरीची झूल मिळाली. सगुणीला आपला गोठा आणि हिरवी वैरण मिळाली, आणि तेवढ्यावर ती खरोखर सुखी होती.

पुढच्या वर्षी दुसरी मोहीम ठरली. सकाळीच रणधीर गोठ्याच्या दारी आला, तोंडात तो नकाशा धरून. चिटणीसाने तो चौपदरी दुमडला आणि पखालीचा पट्टा काचू नये म्हणून सगुणीच्या पाठीवर घातला. मग नायक तिच्या मागे जाऊन उभा राहिला.