ठकाईचं मुसळ

फार वर्षं झाली. खाडीकाठच्या वेळशेत गावात ठकाई नावाची भात कांडणारी म्हातारी होती. असं म्हणतात, की तिच्या कानाला चाळणी होती. आधण खदखदत असताना कुठलं शीत कच्चं आहे, हे ती आवाजावरून सांगायची.

गावात वाड्या चार. शिमग्याला चार वाड्यांचे ढोल पालखीपुढे एकाच वेळी, चार चालींत बडवले जात. का? तर ज्याचा ढोल आधी थांबेल, त्याच्या वाडीचा पालखीचा मान गेला! काय म्हणावं या लोकांना? त्या गदारोळात देवालासुद्धा काही ऐकू येत नसेल.

एका शिमग्याला, दिवस कलताना, ठकाईची लेक यशी तान्हं पोर घेऊन एकटीच होडी वल्हवत माहेरी येत होती. होडी खाडीतल्या खडकावर फुटली. यशी खडकाला धरून राहिली. भरती चढत होती.

ढोलांच्या कल्लोळातून ठकाईच्या कानानं एक हाक वेगळी काढली. "आयेऽ!"

"थांबवा रे! माझी यशी बुडतेय! होड्या काढा!"

थोरल्या वाडीचा म्होरक्या राघो हसला. "म्हातारे, तुझे कान वाजतायत. आधी खालच्या वाडीला थांबव."

"आधी राघोला सांग!" खालची वाडी ओरडली.

लेक बुडत होती आणि यांना मान हवा होता!

ठकाई कडाडली, "मेल्यांनो, नका थांबू! माझ्या मुसळाबरोबर ज्याचा ढोल टिकेल, मान त्याचा!" आणि देवळापुढच्या उखळात तिनं मुसळ घातलं.

हरायचं कोणालाच नव्हतं. चारही ढोल मुसळाच्या ठोक्यावर आले. जे आवाज एकदम उठतात नि एकदम पडतात, त्यांना कान एकच समजतो. चार ढोलांचा एक ढोल झाला. मग दोन ठोक्यांमधल्या फटीत साऱ्या गावाला ऐकू आलं, "आयेऽ!"

ढोल टाकून माणसं धावली. असं म्हणतात, की ठकाई मुसळ घालत होती तोवर भरती जागच्या जागी उभी राहिली. यशी गळ्याइतक्या पाण्यात होती, पोर डोक्यावर धरलेलं. दोघं वाचली.

वेळशेतकर मानासाठी आजही भांडतात. ती खोड जायची नाही. पण शिमग्याला आधी गावातली सर्वांत म्हातारी बाई उखळात मुसळ घालते, चारही ढोल एकच ठोका देतात आणि गप्प होतात. सारा गाव खाडीकडे तोंड करून ओरडतो, "कोण हाय गे तिकडं?"

कोणी उत्तर देत नाही, याची खात्री झाल्यावरच पालखी हलते.