आरोळीचा कायदा

एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. उन्हाळ्यात तिथे एकच पाणवठा उरे, आणि त्याच्या काठी होते मोहाचे झाड. जंगलाची रीत अशी, की वानराने त्या झाडावर बसून पहारा करायचा. त्याने "खॅक्! खॅक्!" अशी आरोळी दिली, की बिबट्या आला असे समजून सगळ्यांनी धूम ठोकायची. कुणी शहानिशा करत बसायचे नाही. बाळांनो, बिबट्या काय थांबतो होय शहानिशेला?

एके सकाळी झाडाखाली मोहाच्या फुलांचा सडा पडला होता. हरणे आणि रानडुकरे ताव मारत होती. वानराला वाटले, हे सगळे मला एकट्यालाच मिळाले तर! झाले, लबाडाने ठोकली आरोळी. जो तो जीव मुठीत धरून पळाला. त्या रेटारेटीत पाडस पडले आणि त्याचा पाय तुडवला गेला. हरिणी धापा टाकत परत आली, तर वानर मजेत फुले खात बसलेला! "जरा गंमत केली," तो दात काढत म्हणाला. हरिणीला रडू कोसळले. "तुझा खेळ झाला, पण माझं लेकरू लंगडं झालं रे!"

हत्तीणआजीने सभा बोलावली. रानडुक्कर फुरफुरले, "आरोळीवरच बंदी घाला. ना आरोळी, ना धावपळ!" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेव्हा हरिणी पुढे आली. "आजी, सगळ्यांत जास्त राग मला आलाय. तरी सांगते, आरोळी बंद करू नका. माझं पाडस आता हळू पळणार. त्याला तर आधी कळायला हवं." मग कायदा ठरला : जाणूनबुजून खोटी आरोळी देईल त्याचा पहारा जाईल, आणि पावसाळा येईपर्यंत त्याने सर्वांच्या मागून पाणी प्यायचे. पण नजरचूक झाली तर शिक्षा नाही. वानर मान खाली घालून झाडावरून उतरला आणि पहारा लांडोरीकडे आला.

एकदा गवत हलले. लांडोर मान उंचावून पाहू लागली. बिबट्या नसला तर? आपल्यालाही शिक्षा झाली तर? तरी ती ओरडली. सगळे पळाले, आणि गवतातून निघाले मुंगूस! "झाली का पुन्हा फजिती?" रानडुक्कर खवळले. लांडोर रडवेली झाली. हरिणी म्हणाली, "अगं, रडतेस काय? तुला वाटलं ते तू सांगितलंस. उद्याही अशीच ओरड हो, बाई."

दुसऱ्याच दिवशी गवत पुन्हा हलले. या वेळी लांडोर क्षणभरही थांबली नाही. लंगडणारे पाडस आईबरोबर टेकडीवर पोचले, आणि बिबट्याची झेप पडली ती रिकाम्या काठावर. सर्वांच्या मागून पाणी पिणारा वानर कसाबसा झाडावर चढला. संध्याकाळी तो हरिणीपाशी आला. "ताई, आज ती गप्प बसली असती तर मी मेलोच होतो. चुकलो मी."

हरिणी पाडसाचा पाय चाटत होती. ती म्हणाली, "चुकलास खरा. पावसाळा येऊ दे, मग तूही बस तिच्या शेजारी. पहाऱ्याला दोन डोळ्यांपेक्षा चार बरे."

तात्पर्य : संकटाची खोटी आरोळी देणाऱ्याला शिक्षा हवीच, पण खरोखर भीती वाटून ओरडणाऱ्याचे तोंड कधी बंद करू नये.